गोदाक्काची चटई

गोदाक्का जत्रेला देवाच्याही आधी पोहोचते, असं आमच्या पाळी गावात सगळे म्हणत. देवाची पालखी निघायची रात्री. गोदाक्का मात्र दुपारचं जेवण उरकून, भांडी उपडी घालून, चटईची गुंडाळी काखेत मारून भर उन्हात देवळाकडे चालू लागायची. पालखीनंतर दशावतारी नाटक असे, आणि त्या नाटकाला तिला पुढची जागा हवी असे. मांडवात अजून बांबू रोवायचं काम चाललेलं असायचं. मांडववाले ओरडायचे, "गोदाक्का, आधी मांडव तरी घालूक दी गो!" ती म्हणायची, "तुमी वर घाला, मी खाली घालतंय." मग रंगमंचासमोर, डाव्या हाताला, पेटीवाल्याचा चेहरा नीट दिसेल अशा जागी ती चटई पसरायची, कोपऱ्यावर एक दगड ठेवायची आणि निवांत घरी येऊन झोपायची.

बाहेरच्या माणसांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे जत्रेत चटई टाकली की तिथे माणूस बसलेला आहे असं समजायचं. मग तो माणूस घरी आंघोळ करत असो, नाहीतर शेजाऱ्याशी तंडत असो. त्याची चटई कोणी उचलत नाही, सरकवत नाही, तिच्यावर पाय देत नाही. पावती नाही, पहारेकरी नाही. ज्या गावात बांधाच्या वितभर जमिनीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, त्याच गावात चटईवरून भांडण झालेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. गोदाक्काच्या चटईला चारी बाजूंनी जुन्या लुगड्याचा लाल काठ शिवलेला होता. "दुरसून वळकाक व्हयी," ती म्हणायची. तशी गरज नव्हती. ती जागा कोणाची हे लहान पोरांनाही माहीत होतं.

ती माझी कोण, असं पुढे मला फार लोकांनी विचारलं. नात्याने कोणी नव्हती. आमच्या शेजारी राहायची. मूळची पेडण्याकडची, केरीची. लग्न होऊन खाणीच्या मुलखात आली, नवरा लवकर गेला, आणि मग तिने रस्त्याच्या कडेला टिपरवाल्या ड्रायव्हरांसाठी खानावळ घातली. बुटकी, रुंद बांध्याची, आणि आवाज असा की चालू टिपरच्या इंजिनावरून ऐकू यावा. ड्रायव्हर बहुतेक पलीकडचे, सावंतवाडी-दोडामार्गाकडचे. माझे बाबाही त्यांतलेच. दोडामार्गाहून आले, टिपर चालवता चालवता पाळीचेच झाले.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आधी बस, मगे इचार." बसमधली सीट कोणासाठी राखलेली आहे का, कचेरीत साहेब आज भेटतील का, पंगतीतलं हे पान आपलं का, असल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत ती उभी राहत नसे. बसायची, आणि मग विचारायची. खाणीचा रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा मुकादम येऊन म्हणाला, खानावळीची पडवी मागे घ्यावी लागेल. गोदाक्काने रस्त्यावरच चटई घातली आणि सबंध सकाळ तिच्यावर बसून लसूण सोलली. मागे टिपरांची रांग लागली. एकाही ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, कारण दुपारी जेवायला सगळ्यांना तिच्याकडेच यायचं होतं. शेवटी रस्ताच पलीकडच्या बाजूला थोडा सरकवला. तिथे अजूनही एक वाकण आहे.

तर माझी बारावी झाली ते गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी. मार्क बरे पडले होते. मला फार्मसीचा डिप्लोमा करायचा होता. औषधांचं दुकान घालायचं, काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, एवढं मी ठरवून टाकलं होतं. कॉलेज पणजीत. अर्ज केला होता, यादी लागायची होती. आणि पणजीचा मांडवीवरचा पूल आदल्या पावसाळ्यात पडलेला. पाळीहून डिचोली, डिचोलीहून बेती, मग फेरीबोटीची रांग, मग पलीकडे चालत. पावसाच्या दिवसांत असं रोज जाणं-येणं होणार नव्हतं. पणजीत खोली हवी, नाहीतर शिक्षण संपलं.

घरात एक स्थळही येऊन बसलं होतं. सावंतवाडीचं, किराणा दुकानवाल्यांचं. त्यांना लवकर उत्तर पाहिजे होतं. बाबांनी मला स्वच्छ सांगितलं, यादीत नाव आलं तर शीक, नाही आलं तर सावंतवाडी. बाबा वाईट नव्हते, हे मी ठासून सांगते. त्यांनी मला बारावीपर्यंत शिकवलं, आणि आमच्या वाड्यावर तेव्हा ते सोपं नव्हतं. पण त्यांचं एक पालुपद होतं. "आधी यादी, मग खोली."

गोदाक्का आमच्या ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आणि यादी लागल्यार खोली नाय गावली तर रे वसंता?"

"मग बघू."

"काय बघतलंस? यादी लागली काय अख्ख्या गोंयची पोरां एकाच दिसा पणजेक खोली सोदतली. तुझ्या चेडवाक कोण ठेवन घेतलो?"

"पण नावच आलं नाही तर फुकट खोली घेऊन ठेवू?"

"नाटक खंयचा आसा तां इचारून कोण चटई घालता काय?" गोदाक्का म्हणाली. "आधी चटई घालूची. मगे नाटक येता."

बाबा हसले आणि उठून गेले. गोदाक्का हसली नाही. पावसाळा तोंडावर होता. पावसात खाणीच्या मातीची वाहतूक बंद होते, ड्रायव्हर आपापल्या गावी जातात, खानावळ बंद. तिला चार महिने मोकळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी. एका हातात छत्री, एका हातात पिशवी आणि काखेत चटई. "चल गो मंदा," म्हणाली. आईने माझ्या हातात पोह्यांचा डबा दिला आणि बाबांकडे न बघता आत गेली.

पणजीत खोली शोधणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पहिल्या घरी बाई चांगली होती. पाणी दिलं, कदेल म्हणजे खुर्ची पुढे केली. मग विचारलं, "अॅडमिशन जाल्या? ना? मागीर येयात." अॅडमिशन झाल्यावर या. पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. घरमालक विचारणार, अॅडमिशन झाली का? घरचे विचारणार, खोली मिळाली का? दोघेही आपापल्या जागी शहाणे, आणि मधल्यामध्ये मी सावंतवाडीला!

एका घरी तर कमालच झाली. राजभाषेच्या भांडणाची धग अजून होती. व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या गृहस्थाने आम्हांला वरपासून खालपर्यंत बघितलं, आमचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "तुमी मराठीवाले काय कोंकणीवाले?"

"आमी खोलयेवाले," गोदाक्का म्हणाली. "खोली आसा?"

"ना."

बाहेर आल्यावर ती रस्त्यात थांबून मोठ्याने बोलू लागली. "राज्य झाला म्हणतत! फटाके काय, मिरवणुको काय! आणि अख्ख्या राज्यात चेडवाक एक खोली गावणा नाय. कसला राज्य तां?" लोक वळून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात ओढला, तर मलाच म्हणाली, "तू कित्याक लाजतंस गो? आपण काय चोरी केलंव?"

दुपार टळता टळता आम्ही मळा नावाच्या वस्तीत सुमतीबाय म्हणून एकीच्या घरी पोहोचलो. पुढे तिचं घर, मागे न्हाणीला लागून एक खोली. लहानशी, पण जनेल, म्हणजे खिडकी, मोठं, आणि जनेलातून मागची केळ दिसायची. खोली रिकामी होती. मला ती बघताक्षणी आवडली, आणि आता तोच प्रश्न येणार. आलाच. अॅडमिशन झालेली नाही म्हटल्यावर सुमतीबायने मान हलवली. तरी घरी आलेल्या बायकांना पाणी तरी द्यावं म्हणून ती आत गेली.

ती तांब्या घेऊन बाहेर आली, तर गोदाक्काने खोलीच्या मधोमध चटई पसरली होती. चारी कोपरे हाताने दाबून सारखे केले होते. आणि स्वतः बाहेर पायरीवर येऊन बसली होती. चटई घातली, विषय संपला, आता घरी जायला हरकत नाही, अशा चेहऱ्याने. तिला खरोखरच तसं वाटत होतं. पणजीला आमच्या जत्रेचा कायदा लागू नाही, हे तिच्या मनात आलंच नव्हतं. मी मात्र भिंतीला चिकटून उभी राहिले होते.

"हें कितें गो?" सुमतीबायने विचारलं.

"चटई."

"चटई ती दिसता म्हाका. पूण कित्याक घाल्या? हांवें खोली दितां म्हणून सांगूंक ना."

"तू सांग गो सवडीन," गोदाक्का म्हणाली. "मी जागा धरलंय."

सुमतीबाय तांब्या हातात धरून खोलीच्या दारात उभी राहिली. ती आत जाईना. चटईवर पाय दिल्याशिवाय आत जायला जागा नव्हती, आणि तिचा पाय काही पुढे पडेना. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी राग होता, मग गोंधळ, आणि मग ती एकदम खुदकन हसली. वयाने गोदाक्काएवढीच बाई, पण हसली ती शाळकरी मुलीसारखी.

"म्हजें कुळार कारापूर," ती म्हणाली. कुळार म्हणजे माहेर. "आमच्या गांवांत जात्रेक अशीच घालतात. म्हजी आवय घालताली." माझी आई घालायची.

"मगे?" गोदाक्का म्हणाली.

"मागीर कितें मागीर! ही पणजी!" पण आवाजातला जोर गेला होता. शेवटी ती म्हणाली, "लिस्टीमेरेन राव. नांव येना जाल्यार दुसऱ्या दिसा वचपाचें." यादी लागेपर्यंत राहा, नाव नाही आलं तर दुसऱ्या दिवशी जायचं. भाड्याचंही तेव्हाच बघू. तोवर गोदाक्काने मासळी चिरून द्यायची आणि विहिरीवरून पाणी भरायचं, असं दोघींनी ठरवलं. गोदाक्काने मान डोलावली. सुमतीबाय आत गेल्यावर मला हळूच म्हणाली, "ती जा म्हणतली. म्हणान आपण जावक व्हया असा काय नाय."

आम्ही दोघी तिथेच राहिलो. गोदाक्काने स्टोव्ह मांडला. यादी लागायला अजून अवकाश होता. मी रोज कॉलेजच्या फळ्यापर्यंत जाऊन यायचे. घरी यायचे तेव्हा गोदाक्का सुमतीबायच्या मागच्या दारात बसून बांगडे साफ करत असायची, आणि दोघींचं भांडण चाललेलं असायचं. आमटीत तिरफळं किती घालायची यावरून, देवळातला कुठला भटजी खोटं बोलतो यावरून. एक कोंकणीत बोले, एक आमच्या मालवणीत, आणि एकमेकींचा एकही शब्द वाया जात नसे. पेपरातल्या त्या वादाचं मला तेव्हा मोठं नवल वाटायचं.

मग यादी लागली. मी ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली. माझं नाव मुख्य यादीत नव्हतं. खाली प्रतीक्षा यादी होती, तिच्यात होतं, आणि तेही बऱ्यापैकी खाली.

मी खोलीवर येऊन चटईवर तोंड खुपसून रडले. गोदाक्काने मला रडू दिलं. मग म्हणाली, "खाली आसा म्हणजे आसा मां? नाय असा नाय मां?" मी म्हटलं, त्याला काही अर्थ नसतो. ती म्हणाली, "अर्थ तू माका शिकवू नको. उठ, भात खा."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. भिजलेले, फेरीबोटीच्या रांगेत तिष्ठलेले. दारातूनच म्हणाले, "मंदा, सामान बांध."

गोदाक्का चटईवर मांडी घालून बसली होती. "नाटक संपला काय रे वसंता?"

"गोदाक्का, पुरे आता. नाव आलं नाही."

"नाटक सुरूच जावक नाय, आणि तू चटई गुंडाळूक इलंस? आता खंय संकासूर नाचता हा."

नाटकाच्या सुरुवातीला गणपती येऊन जातो, मग संकासूर येऊन धुडगूस घालतो. खरी कथा त्याच्यानंतर. बाबांनी डोक्याला हात लावला. "संकासूर कोण, मी?"

"मी कोणाचा नाव घेवक नाय," गोदाक्का म्हणाली.

मला त्या रडण्यातही हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, सावंतवाडीवाल्यांना त्यांनी शब्द दिला आहे. तेव्हा मी उभी राहिले. आजपर्यंत त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले. "बाबा, शब्द तुम्ही दिलात. मी दिलेला नाही. मी इथून जाणार नाही." आवाज माझाच होता, पण तो गोदाक्काइतका मोठा आला. बाबांनी छत्री उचलली, आणि दारातून मागे वळून म्हणाले, "गणपतीपर्यंत. पुढे एक दिवसही नाही." मला वाटलं होतं, ते मला फरफटत नेतील.

बाबा गेले आणि सुमतीबाय आली. तिच्या मागे दोघीजणी, मायलेकी, काणकोणहून आलेल्या. मुलीचं नाव शालिनी. तिला मला हव्या त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पहिल्याच यादीत. पण सकाळपासून पणजी पालथी घालूनही खोली मिळाली नव्हती. आई रडकुंडीला आली होती. "म्हज्या चेडवाक अॅडमिशन मेळ्ळ्या बाय, खोली मेळना," एवढंच ती म्हणत होती.

सुमतीबाय अवघडून उभी होती. "गोदाबाय, तुवें उतर दिल्लें," ती म्हणाली. शब्द दिला होतास. आणि खरंच होतं ते. आमच्याकडे खोली होती, अॅडमिशन नव्हती. त्यांच्याकडे अॅडमिशन होती, खोली नव्हती. कोणीही शहाण्या माणसाने काय ते एका क्षणात ठरवलं असतं. माझी तर बांधाबांध मनातल्या मनात सुरूही झाली.

गोदाक्का त्या मुलीकडे बघत बसली. मुलीचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरले होते. गोदाक्का उठली, आणि मला वाटलं, झालं, आता ती चटई उचलणार. तिने चटई उचलली नाही. एक बाजू धरून ती मधोमध दुमडली. अर्धी खोली मोकळी झाली.

"चटई उचलूची नसता," ती म्हणाली. "पण दुमडूक येता. बस गो चेडवा, तुझी घाल थंय."

काणकोणच्या बाईने आधी सुमतीबायकडे बघितलं. सुमतीबाय म्हणाली, "आनी म्हज्या उतराचें कितें?" पण म्हणता म्हणताच तिने त्या मुलीच्या हातातली पिशवी घेऊन खोलीत ठेवली. भाडं आता शालिनीकडून येणार होतं, तेव्हा तक्रारीला कारणही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या खोलीत आम्ही तिघी. शालिनी कॉलेजला जायची, मी तिची पुस्तकं वाचायचे, आणि गोदाक्का आम्हां दोघींना सारखंच रागवायची. शालिनीने संध्याकाळी येऊन वर्गात काय शिकवलं ते सांगायचं, असा तिने नियमच केला. "हिची अॅडमिशन होतली तेव्हा ही मागे पडाक नको," म्हणायची. होतली! होईल तर नाही, होतली. मी तिच्यावर चिडायचे. आशा दाखवू नको म्हणायचे. ती म्हणायची, "मी खंय दाखवतंय? मी नुसती बसलंय."

गणपती जवळ आले. बाबांची मुदत संपत आली. आणि एका दुपारी शालिनी धावत आली, छत्री उलटी झालेली, ओढणीला चिखल. काही मुलं बाहेरच्या राज्यांत प्रवेश मिळाला म्हणून निघून गेली होती. जागा रिकाम्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतीक्षा यादीतली नावं कॉलेजात पुकारणार होते. जो समोर हजर, त्याला जागा. हजर नसेल त्याचं नाव सोडून पुढे. तसा कागद फळ्यावर नुकताच लागला होता, आणि पेपरात तो दुसऱ्या दिवशी यायचा होता.

सकाळी आम्ही तिघी कॉलेजच्या व्हरांड्यात होतो. पाऊस कोसळत होता. समोर मोजकीच मुलं, सगळी पणजीतली किंवा पणजीत राहणारी. कारकून टेबलाशी उभा राहून नावं वाचू लागला. एक नाव वाचलं, कोणी नाही. पुन्हा वाचलं, कोणी नाही. पुढचं वाचलं. एक मुलगा पुढे गेला. पुढचं वाचलं, कोणी नाही. मी मनात एकेक नाव खोडत होते. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण. ही मुलं आता कुठे असतील ते मला माहीत होतं. कोणी बसच्या वाटेला डोळे लावून, कोणी फेरीबोटीच्या रांगेत, आणि बरीचशी घरी, काही माहीतच नसलेली.

"मंदाकिनी," कारकुनाने वाचलं.

मी पुढे व्हायला गेले. आणि माझ्या मागून, त्या सबंध इमारतीत घुमेल असा आवाज आला. "आसा! आसा! हय आसा ती!"

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "प्रवेश कोणाला पाहिजे, आजी? तुम्हांला की हिला?"

"आधी माका सांग, जागा गावली काय?" गोदाक्काने विचारलं.

जागा मिळाली होती.

मला वाटलं होतं, आता ती नाचेल, सगळ्या पणजीला ओरडून सांगेल. तसलं काही झालं नाही. आम्ही भिजत खोलीकडे निघालो. वाटेत ती म्हणाली, "ती पोरां खंयची गो? नावां वाचली ती?"

मी म्हटलं, लांबची असतील. पेपरात वाचतील तेव्हा कळेल त्यांना.

"म्हणजे हुशार आसली. तुझ्या वयर नावां आसली तेंची."

"हो."

"तेंची चटई कोणी घालूक नाय," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं. पावसाचं पाणी होतं की काय होतं, मी विचारलं नाही. मला मात्र रडू आलं आणि मी रस्त्यातच रडले. आनंदाने नव्हे, हे मला आजही नक्की आठवतं.

सावंतवाडीवाल्यांना बाबांनी स्वतः जाऊन नकार सांगितला. गोदाक्का गणपतीला पाळीत परतली आणि पावसाळा सरल्यावर खानावळीत भात घालू लागली. चटई मात्र तिने खोलीतच ठेवली. माझा डिप्लोमा झाला त्या दिवशी ती आली, चटई स्वतःच्या हाताने गुंडाळली, काखेत मारली. सुमतीबाय तिच्या गळ्यात पडली. "जालें गो तुजें नाटक?" तिने विचारलं. गोदाक्का म्हणाली, "आता नाटक मंदाचा."

डिचोलीत मी औषधांचं दुकान घातलं. गोदाक्का अधूनमधून यायची, काउंटरच्या आतल्या बाजूला येऊन बसायची आणि गिऱ्हाइकांना औषधांपेक्षा पेज कशी चांगली ते सांगून माझा धंदा बुडवायची. शेवटच्या दिवसांत ती पाळीत घरीच होती. शेजाऱ्यांनी खाट आणली होती, पण ती खाटेवर झोपेना. जमिनीवर, त्याच चटईवर. मी औषधं घेऊन गेले तेव्हा म्हटलं, खाटेवर झोप, बरं वाटेल. ती म्हणाली, "खाटीवरसून माणूस पडता. चटयेवरसून पडान खंय जातलंय?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "हय मी आधीच पोचलंय. तू सावकास ये." मी तिला दटावलं. ती हसली, आणि दोन दिवसांनी गेली.

आमच्याकडे मेलेल्या माणसाची चटई घरात ठेवत नाहीत. बायका ती बाहेर टाकायला निघाल्या. मी आडवी गेले. अपशकुन, बाधा, काय वाटेल ते सगळं मला ऐकवलं गेलं. मी ऐकून घेतलं आणि चटई काखेत मारून डिचोलीला आले. कोणाच्या बापाला भ्यायचं नाही, असं त्या दिवशी मनात होतं. ती चटई पुढे झिजली, तुटली. मी तिचा लाल काठ उसवून नव्या चटईला लावला. ती झिजली तेव्हा आणखी एकीला.

दुकानाच्या वर एक खोली आहे. आता डिचोलीतही मुलींसाठी कॉलेजं आहेत, कोर्स आहेत, आणि जून आला की तीच पळापळ आहे. दर वर्षी कोणीतरी आई मुलीला घेऊन दुकानासमोर घुटमळते. औषध मागत नाही. सांगेकडची असते, पेडण्याकडची असते, कधी दोडामार्गाकडची. चौकशी करून करून दमलेली असते. आणि खोलीचं विचारण्याआधी खाली मान घालून सांगते, "बाय, अॅडमिशन अजून जावक नाय हां." ऐकणाऱ्याने नाही म्हणावं याची तयारी करूनच ती हे सांगते.

ओळखीचे लोक मला वेडी म्हणतात. यादी लागल्यावर दे म्हणतात, पक्कं गिऱ्हाईक बघ म्हणतात. नाव नाही आलं तर काय करशील, असंही विचारतात. नाही आलं तर नाही आलं. राहील ती. खाली असेल तर खाली असेल, पुकारतील तेव्हा हजर असेल. दुसरी आली तर दुमडून जागा करू. मला कोणाला उत्तर द्यायचं नाही.

मी त्या मुलीकडे बघते. गल्ल्यातून किल्ली काढते आणि तिच्या हातात ठेवते.

"वर जा," मी म्हणते. "चटई घातलेली आहे."